'सातच्या आत घरात' फक्त मुलींसाठीच का? मुलगा-मुलगी असण्याचे नियम मुलं कुठून शिकतात?

ऑगस्ट 2024 मध्ये बदलापूरमधल्या एका शाळेत जेमतेम चार वर्षांच्या दोन मुलींवर लैंगिक अत्याचार झाल्याचं उघड झालं. आरोपी त्याच शाळेत सफाईचं काम करणारा पुरुष होता. 20 ऑगस्टला संतप्त पालक आणि नागरिक बदलापूर स्थानकात रुळांवर उतरले आणि कल्याण-कर्जत मार्गावरची वाहतूक सुमारे दहा तास ठप्प झाली.

मुंबई उच्च न्यायालयाने या प्रकरणाची स्वतःहून दखल घेतली. न्या. रेवती मोहिते डेरे आणि न्या. पृथ्वीराज चव्हाण यांच्या खंडपीठाने पोलिसांच्या दिरंगाईवर ताशेरे ओढले. पण महिनाअखेरच्या सुनावणीत खंडपीठाने आणखी एक प्रश्न विचारला. 2004 साली आलेल्या 'सातच्या आत घरात' या मराठी चित्रपटाचा उल्लेख करून न्यायालय म्हणालं, की अशी बंधनं मुलींवरच का? लवकर घरी ये, असं मुलग्यांना का सांगितलं जात नाही? घरातच समानता शिकवली जात नाही तोवर कायद्यांनी फार काही साधणार नाही, असा त्या म्हणण्याचा आशय होता.

या घटनेनंतर अनेक घरांत मुलींना 'गुड टच, बॅड टच' शिकवायला सुरुवात झाली. ते गरजेचं आहेच. पण न्यायालयाचा प्रश्न वेगळा होता. त्याच घरातला मुलगा त्या वेळी काय शिकत होता?

या लेखात 'मुलं' म्हणजे सगळी लेकरं आणि 'मुलगे' म्हणजे फक्त मुलगे, असा फरक केला आहे. तो मुद्दाम सांगावा लागतो, कारण रोजच्या बोलण्यात 'मुलं' हा एकच शब्द दोन्हींसाठी चालतो. 'मुलं आणि मुली' म्हटलं की मुलं म्हणजे मुलगे होतात.

लिंग आणि लिंगभाव यांत फरक काय?

लिंग म्हणजे शरीराची जडणघडण. लिंगभाव, म्हणजे ज्याला इंग्रजीत जेंडर म्हणतात, तो समाजाने त्या शरीराला जोडलेल्या अपेक्षांचा संच असतो. बाळाला जन्म देणं हा शरीराचा भाग झाला. बाळाचे लंगोट बाईनेच बदलायचे, हा समाजाने केलेला नियम झाला.

हे नियम जागेनुसार आणि काळानुसार बदलतात, यावरून ते निसर्गाने दिलेले नाहीत हे कळतं. गुलाबी रंग मुलींचा, असं आज खेळण्यांच्या दुकानात दिसतं. पण लग्नात गुलाबी फेटा बांधून मिरवणाऱ्या काका-मामांना कोणी बायकी म्हणत नाही. 1848 साली सावित्रीबाई आणि जोतीराव फुले यांनी पुण्यात मुलींची शाळा सुरू केली, तेव्हा मुलीने अक्षर गिरवणं हेच अनेकांना निसर्गाविरुद्ध वाटत होतं. पुढे 1882 साली बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी 'स्त्री-पुरुष तुलना' हे पुस्तक लिहिलं. स्त्रियांच्या माथी मारले जाणारे दोष पुरुषांतही असतातच, मग बोल फक्त स्त्रीलाच का, हा त्यांचा सवाल होता. उच्च न्यायालयाचा प्रश्न त्याच जातीचा आहे.

कोणत्या वयात काय कळतं?

साधारण दोन ते तीन वर्षांच्या दरम्यान मूल स्वतःला मुलगा किंवा मुलगी म्हणू लागतं. अमेरिकी मानसशास्त्रज्ञ लॉरेन्स कोलबर्ग यांनी 1966 साली मांडलं, की ही समज टप्प्याटप्प्याने पक्की होते. तीन-चार वर्षांच्या मुलाला केस वाढवले किंवा फ्रॉक घातला की मुलगा मुलगी होतो, असंही वाटू शकतं. सहा-सात वर्षांपर्यंत हा गोंधळ मिटतो.

मुलं हे शिकतात ते तीन वाटांनी. पहिली वाट पाहण्याची. घरात कोण काय करतं, हे ती न्याहाळत असतात. दुसरी शाबासकीची आणि हसण्याची. मुलीने पोळी लाटली की कौतुक होतं, मुलाने लाटली की थट्टा होते. तिसरी वाट मुलाच्या स्वतःच्या डोक्यातली. 'हे मुलींचं, हे मुलग्यांचं' असे दोन कप्पे एकदा तयार झाले, की मूल दिसेल ती गोष्ट त्यात भरत जातं. त्यामुळेच पाच-सहा वर्षांची मुलं या बाबतीत मोठ्यांपेक्षा कडक असतात. आई स्वतः नोकरी करत असली तरी 'ड्रायव्हर बाई नसते' असं ती ठामपणे सांगतात.

याचा परिणाम किती लवकर दिसतो? लिन बियान, सारा-जेन लेस्ली आणि आंद्रेई सिम्पियन यांचा अमेरिकेतल्या मुलांवरचा अभ्यास 2017 साली 'सायन्स' या नियतकालिकात आला. 'खूप खूप हुशार' माणूस यातला कोण, असं चित्रं दाखवून विचारल्यावर पाच वर्षांच्या मुलींनी आणि मुलग्यांनी साधारण सारख्याच प्रमाणात आपापल्या गटातली व्यक्ती निवडली. सहा-सात वर्षांच्या मुलींमध्ये मात्र हे प्रमाण घसरलं. शाळेत मुलींना चांगले गुण मिळतात, हे या मुलींना ठाऊक होतं. तरी 'खूप हुशार मुलांसाठी' म्हणून सांगितलेल्या खेळापासून त्या दूर राहू लागल्या. म्हणजे अनुभव एक सांगत होता आणि कानावर पडलेलं दुसरंच. त्यात कानावर पडलेलं वरचढ ठरलं.

पेढे की बर्फी?

महाराष्ट्रात बाळ जन्मलं की पहिला प्रश्न असतो, 'पेढे की बर्फी?' मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी. गोड दोन्ही असतं, पण वेगळं असतं. मुलगी झाली तर कोणीतरी 'पहिली बेटी, धनाची पेटी' म्हणतं. त्या वाक्यात सांत्वनाचा सूर असतो. मुलगा झाल्यावर सांत्वनाची म्हण कोणाला आठवावी लागत नाही.

या सुराचं टोक आकड्यांत दिसतं. गर्भलिंग निदानावर बंदी घालणारा कायदा महाराष्ट्राने देशात सर्वात आधी, 1988 साली केला. देशपातळीवरचा कायदा 1994 साली आला. तरीही शून्य ते सहा वयोगटात दर 1,000 मुलग्यांमागे मुलींची संख्या राज्यात 2001 साली 913 होती, ती 2011 च्या जनगणनेत 894 वर आली. आणि ज्या मुली जन्मल्या, त्यांतल्या काहींच्या नावातच घराची निराशा होती. ऑक्टोबर 2011 मध्ये सातारा जिल्ह्यात एका कार्यक्रमात 285 मुलींना नवी नावं देण्यात आली. त्यांची आधीची नावं 'नकुशी', 'नकोशी' अशा धर्तीची होती. नको असलेली, हे त्या मुलीला कोणी समजावून सांगावं लागत नव्हतं. शाळेत रोज हजेरी घेताना ते ऐकू येत होतं.

सगळीकडे गोष्टी इतक्या टोकाच्या नसतात. बहुतेक घरांत हा धडा कामाच्या वाटणीतून मिळतो. केंद्र सरकारच्या 2019 च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार, देशात सहा वर्षांवरच्या 81.2 टक्के मुली-महिला दिवसभरात घरचं बिनपगारी काम करत होत्या. मुलगे-पुरुषांमध्ये हे प्रमाण 26.1 टक्के होतं. काम करणाऱ्या स्त्रिया त्यावर दिवसाला सरासरी 299 मिनिटं घालवत होत्या आणि काम करणारे पुरुष 97 मिनिटं. पाहुणे आल्यावर 'पाणी आण गं' ही हाक मुलीलाच का जाते, याचं उत्तर या आकड्यांत आहे. ती हाक मुलगाही ऐकत असतो. आपल्याला उठायची गरज नाही, हे तो शिकतो.

'मी जाते' की 'मी जातो'?

मराठीत बाळ नपुंसकलिंगी असतं. 'बाळ रडतंय', 'ते झोपलंय' असंच म्हणतात. पण मूल बोलू लागलं, की प्रत्येक वाक्यात त्याला आपण कोण ते सांगावं लागतं. दिवसभर आईच्या किंवा आजीच्या मागे असलेला दोन-अडीच वर्षांचा मुलगा बऱ्याचदा 'मी जाते' म्हणतो. मग घरातले हसतात आणि सुधारतात. कदाचित आयुष्यातली ही त्याची पहिली सुधारणा असते, की तू आईसारखा नाहीस.

यात व्याकरणाचा दोष नाही. कोल्हापूर-सांगलीकडे अनेक बायका सहज 'मी जातो' म्हणतात आणि त्याने कोणाचं काही बिघडत नाही. खरा धडा शब्दांच्या मोलात असतो. 'आमची मुलगी म्हणजे मुलगाच आहे' हे कौतुक समजलं जातं. मुलीला लाडाने 'ये रे बाळा' म्हटलेलं चालतं. पण 'मुलीसारखा रडतोस काय', 'बांगड्या भर' हे मुलग्यासाठी अपमानाचे शब्द आहेत. मुलीने मुलग्यासारखं होणं म्हणजे चढती आणि मुलग्याने मुलीसारखं होणं म्हणजे उतरती. कोणतंही भाषण न देता यातून मुलाला कळतं, की दोघांत वरचा कोण.

उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर: परिसर काय शिकवतो?

कल्याणपासून कर्जतच्या दिशेने जाताना ओळीने लागणारी ही तीन शहरं एकमेकांना चिकटलेली आहेत. पण तिन्हींची घडण वेगळी आहे. उल्हासनगर हे दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या जागेवर, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी उभं केलेलं व्यापारी शहर आहे. कपडे, जीन्स, फर्निचर यांचा इथे मोठा बाजार आहे. अंबरनाथला आयुध निर्माणी आणि औद्योगिक वसाहत आहे. बदलापूर मुंबई-ठाण्यात परवडत नसलेल्या घरांसाठी माणसं जिथवर सरकत गेली, ते शहर. 2011 च्या जनगणनेत उल्हासनगरची लोकसंख्या सुमारे 5 लाख 6 हजार, अंबरनाथची 2 लाख 53 हजार आणि बदलापूरची 1 लाख 74 हजार होती. त्यानंतर विशेषतः बदलापूर झपाट्याने वाढलं.

दुकानात गल्ल्यावर कोण बसतं, कारखान्याच्या गेटातून पाळी बदलताना कोण बाहेर पडतं, शिलाईचे नग घरी आणून कोण पूर्ण करतं, हे इथली मुलं रोज पाहतात. सकाळची लोकल पकडणारी आई आणि बाबा दोघंही त्यांना दिसतात. संध्याकाळी एकाच वेळी दमून परतल्यावर आधी गॅसकडे कोण जातं आणि आधी टीव्हीकडे कोण, हेही दिसतं.

यातला एक प्रसंग या भागातल्या जवळजवळ प्रत्येक मुलाच्या वाट्याला येतो. लहानपणी मुलगा आईसोबत बायकांच्या डब्यातून जातो. थोडा मोठा झाला की त्याला बाबांबरोबर दुसऱ्या डब्यात जावं लागतं. 'बायकांचा डबा वेगळा का?' हा प्रश्न कधी ना कधी येतोच. त्याला दोन उत्तरं मिळू शकतात. एक, 'काही माणसं गर्दीचा फायदा घेऊन त्रास देतात. ते चुकीचं आहे, म्हणून वेगळा डबा ठेवलाय.' दुसरं, 'पुरुष असेच असतात.' दुसरं उत्तर दिलं जातं मुलीला सावध करण्यासाठी. पण ते शेजारी बसलेला मुलगाही ऐकतो. मोठा झाल्यावर आपण कसे असणार, याची त्याला मिळालेली ती पहिली बातमी असते.

मुलींच्या सुरक्षेचे बहुतेक नियम असेच आहेत. लवकर ये, एकटी जाऊ नकोस, अंगभर कपडे घाल, त्याच्याकडे बघू नकोस. हे नियम काळजीपोटी येतात, त्यामुळे पालकांना दोष देणं सोपं आणि चुकीचं ठरेल. पण सगळे नियम एकाच बाजूला असले, की दोन्ही मुलं एकच निष्कर्ष काढतात. सांभाळायची जबाबदारी मुलीची, आणि काही झालं तर आधी प्रश्न तिलाच.

इथे एक गोष्ट स्पष्ट असायला हवी. असमान संस्कारांत वाढलेला प्रत्येक मुलगा गुन्हेगार होत नाही. बहुसंख्य होत नाहीत. गुन्ह्याची जबाबदारी गुन्हेगाराचीच असते आणि संस्कार ही त्याची सबब होऊ शकत नाही. मात्र गुन्हा घडल्यावर भोवतालचे लोक कोणाला प्रश्न विचारतात, कोणाचं ऐकतात आणि तक्रार किती गांभीर्याने घेतात, हे लहानपणी शिकलेल्या या नियमांवर अवलंबून असतं.

या साच्याची किंमत मुलग्यांनाही मोजावी लागते का?

केंद्रीय महिला आणि बालविकास मंत्रालयाने 2007 साली बाल अत्याचारांवर देशव्यापी अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात 53.22 टक्के मुलांनी एक किंवा अधिक प्रकारचा लैंगिक अत्याचार सोसल्याचं सांगितलं होतं. त्या मुलांमध्ये 52.94 टक्के मुलगे होते, म्हणजे निम्म्याहून जास्त. 2012 चा पॉक्सो कायदा म्हणूनच मुलगा-मुलगी असा भेद करत नाही.

तरीही 'गुड टच, बॅड टच' म्हटलं की डोळ्यांसमोर मुलगीच येते. 'मुलगे रडत नाहीत' हे ऐकत वाढलेल्या मुलग्याला आपल्यावर झालेला अन्याय सांगायला शब्दच राहत नाहीत. सांगितलं तर तो बायकी ठरेल, ही भीती असते. जो साचा मुलीला घरात बसवतो, तोच मुलग्याला गप्प बसवतो.

ज्या मुलांना यांतल्या कोणत्याही कप्प्यात आपण बसत नाही असं जाणवतं, त्यांची कोंडी आणखी मोठी असते. सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2014 मध्ये नालसा खटल्यात आपली लिंगओळख ठरवण्याचा व्यक्तीचा हक्क मान्य केला. पण शाळेच्या रांगेत आजही दोनच ओळी असतात आणि चिडवणं त्यापासून सुरू होतं.

शाळा काय बदलू शकते?

पाठ्यपुस्तकातली चित्रं मुलं मजकुराआधी वाचतात. 'आई भाजी चिरते, बाबा पेपर वाचतात' हे चित्र कित्येक पिढ्यांच्या डोक्यात आहे. 2019 साली बालभारतीच्या दुसरीच्या नव्या पुस्तकात आई आणि बाबा दोघं मिळून भाजी निवडताना दिसले. डॉक्टर आणि वाहतूक पोलीस म्हणून स्त्रियांची चित्रं आली. बदल छोटा होता, पण त्यावर राज्यभर चर्चा झाली, इतकं जुनं चित्र सवयीचं झालेलं होतं.

नुसत्या चित्राने भागतं का? मुंबईत 2008 पासून 'जेम्स' नावाचा प्रयोग झाला. इंटरनॅशनल सेंटर फॉर रिसर्च ऑन विमेन, कोरो आणि टाटा सामाजिक विज्ञान संस्था यांनी महापालिकेच्या 45 शाळांतल्या सहावी-सातवीच्या मुलांसोबत तो केला. काही शाळांत वर्गात गटचर्चा आणि शाळाभर मोहीम असं दोन्ही झालं, काहींत फक्त मोहीम झाली आणि उरलेल्या शाळा तुलनेसाठी ठेवल्या. जिथे मुलांना वर्गात बसून बोलायला मिळालं, तिथे समानतेच्या बाजूने विचार करणाऱ्या मुलांचं प्रमाण दुपटीहून अधिक झालं. हिंसेच्या बाबतीत मात्र निष्कर्ष संमिश्र होते. विचार बदलतात त्या वेगाने हात बदलत नाहीत.

हरियाणातल्या 314 सरकारी शाळांत झालेल्या अशाच एका प्रयोगाचे निष्कर्ष 2022 साली प्रसिद्ध झाले. अडीच वर्षं नियमित वर्गचर्चा झाल्यावर मुलांच्या प्रतिगामी मतांपैकी सुमारे 16 टक्के मतं बदलली, आणि कार्यक्रम संपल्यावर दोन वर्षांनीही हा फरक टिकून होता. मुलग्यांनी घरकामात जास्त हात लावत असल्याचं सांगितलं. दोन्ही अभ्यासांतून निघणारा मुद्दा एकच आहे. एका भाषणाने किंवा एका दिवसाच्या कार्यक्रमाने काम होत नाही, पण सलग बोलत राहिलं तर होतं. महाराष्ट्रात पुरुषांनी पुरुषांशी हे बोलणं सुरू करण्याची परंपराही आहे. 'मावा' ही मुंबईची संस्था 1993 पासून तरुण मुलग्यांसोबत नेमकं हेच काम करते आहे.

बदलापूर प्रकरणानंतर शाळांमधल्या सुरक्षेसाठी उपाय सुचवायला निवृत्त न्यायमूर्ती साधना जाधव आणि शालिनी फणसळकर-जोशी यांच्या नेतृत्वाखाली समितीही नेमली गेली. कॅमेरे, कर्मचाऱ्यांची पडताळणी, तक्रारीची व्यवस्था हे शाळेचं आणि सरकारचं काम आहे, आणि ते घरच्या संस्कारांवर ढकलता येणार नाही.

घरात काय करता येईल?

• कामाची वाटणी वयावर करावी, मुलगा-मुलगी यावर नाही. पाण्याचा ग्लास, ताट उचलणं, अंथरूण घालणं सगळ्यांना येतं.
• शरीराच्या अवयवांची खरी नावं आणि 'नाही' म्हणण्याचा हक्क मुलग्यालाही शिकवावा. त्यासोबत दुसऱ्याने 'नाही' म्हटलं की थांबायचं, हेही शिकवावं. हा दुसरा भाग बहुतेक वेळा राहून जातो.
• मुलाला रडताना पाहून आधी 'काय झालं?' विचारावं. 'मुलगा असून?' हे त्यानंतरही विचारू नये.
• मोबाइलवर बायकोवरचा विनोद किंवा मुलीची छेड काढणारं रील आलं, तर गप्प न राहता 'तिला कसं वाटलं असेल?' इतकं विचारावं. मोठ्यांचं हसणं हीसुद्धा शिकवणच असते.
• बाबांनी स्वयंपाकघरात जाण्याला 'मदत' म्हणू नये. मदत दुसऱ्याच्या कामात करतात.

आणि सातचं काय? रात्री उशिरा बाहेर असण्याचा धोका खरा असेल, तर तो नियम काढून टाका असं कोणी म्हणणार नाही. पण घरात मुलीला विचारले जाणारे तीन प्रश्न मुलग्यालाही विचारता येतात. कुठे आहेस, कोणासोबत आहेस, कधी येणार? हे प्रश्न दोघांना सारखे विचारले गेले, तर मुलीसाठी ती शिक्षा राहत नाही. आणि आपण बाहेर काय करतो याचा जाब घरी द्यावा लागतो, हे मुलग्यालाही पहिल्यांदा कळतं.